एवढे हाल होते तर ती माणसं अमेरिकेतून परत का गेली नाहीत? (१८८० ते १९२०)

पाऊलवाट:

मंडळी, सध्या १९०० च्या आगेमागे न्यूयॉर्क-शिकागोमध्ये बाहेरून आलेली माणसं कशी राहायची याबद्दल वाचतेय आणि एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारते. जेकब रीस नावाचा पत्रकार, स्वतःच डेन्मार्कहून गरिबीत आलेला, त्याने १८८० च्या दशकाच्या शेवटी फ्लॅश पावडर पेटवून रात्रीच्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले होते, ते बघितले. त्यातला बेयर्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीचा फोटो तर बघवत नाही, एका रात्रीचे ५ सेंट देऊन आलेली माणसं जिथे जागा मिळेल तिथे एकमेकांना चिकटून पडलीयेत. पुढे वाचलं तर कारखान्यात बारा-बारा तास, लहान पोरं कामाला, टीबी घरोघरी.

आता प्रश्न असा की हे गावाकडे कळत नव्हतं का? पत्रं तर जातच होती ना. तरी माणसं लाखांनी येतच राहिली, १९०७ या एकाच वर्षात जवळपास १२ लाख ८५ हजार! आणि आल्यावर हे सगळं बघून परत का गेली नाहीत? की परतीच्या तिकिटाचे पैसेच नसायचे? जे वाचायला मिळतं त्यात एक तर "स्वप्नांच्या देशात आले" असं गोड गोड असतं नाहीतर नुसती दुःखाची यादी, मधलं काही सापडत नाही. कोणी खोलात वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

जुनी_वही:

प्रश्न छान आहे पण त्यात एक गृहीत धरलंय ते आधी बाजूला काढू. परत गेली नाहीत असं नाही, परत जाणारी माणसं भरपूर होती. दक्षिण इटलीतून आलेल्यांपैकी काही वर्षांत निम्म्याच्या आसपास परत गेले. अमेरिकन सरकार येणारे मोजायचं पण जाणारे नीट मोजायला १९०८ च्या सुमारास लागलं, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांत फक्त येणारेच दिसतात आणि आपला समज होतो की सगळे कायमचे आले. १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये बँकांवर संकट आलं, कारखाने बंद पडले, तर पुढच्या वर्षभरात इटालियन, हंगेरियन, स्लोव्हाक लोकांच्या झुंडीच्या झुंडी बोटीत बसून गावी गेल्या आणि काम सुरू झाल्यावर त्यातले कित्येक पुन्हा आले.

हे शक्य झालं ते वाफेच्या बोटींमुळे. शिडाच्या जहाजातून अटलांटिक ओलांडायला पाच-सहा आठवडे लागायचे आणि वाटेत माणसं मरायची, वाफेच्या बोटीने तोच प्रवास आठ ते चौदा दिवसांवर आला. मग हंगामी मजुरी परवडायला लागली. वसंतात यायचं, रेल्वेचे रूळ टाकायचे, खोदकाम करायचं, थंडीच्या तोंडावर पैसे घेऊन घरी. अमेरिकन लोक अशांना "उडते पक्षी" म्हणायचे आणि ते कौतुकाने नाही हां. त्यांना कामाला लावायला इटालियन मुकादम असायचे, पाद्रोने म्हणायचे त्यांना, हा मुकादम काम लावून देण्याचं कमिशन घ्यायचा, राहायची सोय करून त्यात कापायचा, किराणा पण त्याच्याकडूनच घ्यायला लावायचा. लुबाडणूक होतीच पण नवीन माणसाला भाषा येत नसताना त्याच्याशिवाय काम मिळायचं नाही हेही तितकंच खरं.

आणि गावाकडे सगळं कळत होतं. पत्राबरोबर पैसे येत होते ना! इटलीत तर १९०१ च्या कायद्याने हे पैसे पाठवायचं काम बांको दी नापोली या बँकेकडे दिलं, इतकी मोठी ती रक्कम होती. त्या पैशातून गावात जमीन घेतली जायची, पक्कं घर बांधलं जायचं, आणि ते घर शेजारच्याला रोज दिसायचं. पत्रात हाल लिहिलेले असतील पण समोर घर उभं असताना पत्राचा काय परिणाम होणार.

तिकडून निघण्यामागची कारणं वेगळीच मोठी आहेत. १८७० नंतर अमेरिकेचंच स्वस्त धान्य रेल्वे आणि बोटींनी युरोपात येऊन पडलं आणि तिथल्या छोट्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झालेले. इटलीत द्राक्षबागांवर कीड, त्यात १८८८ पासून फ्रान्सबरोबर जकातीचं भांडण झाल्याने वाईन विकली जाईना. म्हणजे हा माणूस चांगलं सोडून वाईटात आला असं नव्हतं.

फक्त एक फरक लक्षात ठेवा, रशियन साम्राज्यातले ज्यू. १८८१ नंतरचे हल्ले, १८८२ चे मे महिन्यातले निर्बंध, १९०३ चं किशिनेव शहरातलं ज्यूंचं हत्याकांड. ते बायकापोरांसकट आले, त्यांच्यातले परत जाणारे फारच थोडे. त्यांना परत जायला जागाच नव्हती.

भट्टीवाला:

जुनी_वही यांनी वरच्या बाजूने छान सांगितलंय, मी एका खोलीचा हिशोब सांगतो म्हणजे माणसं का टिकली ते कळेल. माझं वाचन सगळं पिट्सबर्ग आणि होमस्टेडच्या पोलाद कारखान्यांवरचं आहे.

साधा मजूर, म्हणजे स्लोव्हाक, पोलिश, हंगेरियन वगैरे, त्याला १९०७-१० च्या दरम्यान तासाला साधारण १६-१७ सेंट मिळायचे. बारा तासांची पाळी. झोतभट्टी बंद ठेवता येत नाही त्यामुळे तिथे आठवड्याचे सातही दिवस, आणि दर पंधरा दिवसांनी दिवसपाळी-रातपाळी बदलायची तेव्हा एका टोळीला सलग २४ तास उभं राहावं लागायचं, त्याला "लाँग टर्न" म्हणायचे. चोवीस तास त्या धगीत!! अपघात या लांब पाळीत किती होत असतील विचार करा.

आता एकटा आलेला माणूस राहायचा कुठे, तर "बोर्डिंग बॉस"कडे, म्हणजे त्याच्याच मुलखातलं एखादं जोडपं दोन-चार खोल्या भाड्याने घ्यायचं आणि त्यात दहा-बारा माणसं ठेवायचं. महिन्याला माणशी साधारण ३ डॉलर, त्यात झोपायची जागा, स्वयंपाक करून देणं आणि कपडे धुणं आलं. सामान सगळं एका वहीवर उधार यायचं आणि पगाराच्या दिवशी जेवढी माणसं तेवढे भाग पडायचे. एका पलंगावर दिवसा रातपाळीवाला आणि रात्री दिवसपाळीवाला झोपायचा, गादी थंड व्हायला वेळच नाही. आपल्याला वाचून अंगावर काटा येतो पण त्या माणसाच्या डोक्यात हिशोब पक्का होता. १२ तास गुणिले १६ सेंट म्हणजे दिवसाला दोन डॉलरच्या जरा आत, खर्च जितका खाली दाबता येईल तितका दाबायचा आणि उरलेलं गावी. दोन-तीन वर्षं काढायची असतात तेव्हा माणूस पलंगाबद्दल तक्रार करत नाही. ज्याचं लग्न झालं, पोरं झाली, तो अडकला, आणि त्याचा हिशोब बिघडला कारण त्या मजुरीत कुटुंब चालत नव्हतं, मग त्याची बायको स्वतः बोर्डर ठेवायला लागायची. या बायकांच्या कामाचे तास कोणी मोजलेच नाहीत, नवरा बारा तास राबायचा तर ती दोन्ही पाळ्यांचे डबे भरायची.

आणि हे बारा तास आपोआप आले नव्हते. १८९२ मध्ये होमस्टेडला कार्नेगीच्या कारखान्यात कुशल कामगारांची युनियन होती, मालकांनी ती मोडायचं ठरवलं, ६ जुलैला पिंकर्टन या खाजगी पहारा-गुप्तहेर कंपनीचे ३०० हत्यारबंद लोक नदीतून पडावात बसवून आणले, दिवसभर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, मग राज्याचं सैन्य आलं आणि संप फसला. त्यानंतर पोलाद उद्योगात युनियन पुन्हा धड उभी राहायला १९३० चं दशक उजाडलं. बारा तासांची पाळी यू एस स्टीलने १९२३ मध्ये सोडली. म्हणजे एकतीस वर्षं.

सुईदोरा:

भट्टीवाला, बायकांच्या कामाचा उल्लेख केलात म्हणून बरं वाटलं, नाहीतर या विषयावर सगळी चर्चा पुरुष मजुरांभोवतीच फिरते. मी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या बाहेरून आलेल्यांच्या दाट वस्तीबद्दल लिहिते.

तिथली माणसं टेनेमेंटमध्ये, म्हणजे गरिबांच्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींत राहायची. आधी ती टेनेमेंट म्हणजे नक्की काय ते नीट डोळ्यासमोर आणा, कारण मराठीत वाचताना आपल्याला लगेच चाळ दिसते आणि तिथेच फसगत होते. चाळीला निदान समोर उघडी गॅलरी असते, दार उघडलं की हवा. टेनेमेंटला तसलं काही नाही. ऑर्चर्ड स्ट्रीटवर ९७ नंबरची १८६३ मध्ये बांधलेली इमारत आजही आहे, तिथे म्युझियम केलंय. एका बिऱ्हाडाला तीन खोल्या मिळून सुमारे ३२५ चौरस फूट. खिडकी फक्त पुढच्या खोलीला, मधे स्वयंपाकघर, आणि सगळ्यात आत झोपायची खोली, जिथे दुपारी बारा वाजता पण दिवा लागतो. संडास खाली मागच्या अंगणात. पाणी पण सुरुवातीला खालूनच भरून वर न्यायचं, आणि जिने चढताना काळोख. १८६३ ते १९३५ या काळात त्या एका इमारतीत साधारण ७,००० माणसं राहून गेली.

१८७९ मध्ये कायदा आला की झोपायच्या प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी. ऐकायला किती चांगलं! मालकांनी काय केलं, २५ बाय १०० फुटांच्या त्याच प्लॉटवर इमारत कमरेत जराशी आत घेतली, डंबेलसारखी, आणि दोन इमारतींच्या मधे एक चिंचोळी फट ठेवली. झाली खिडकी! त्या फटीत ऊन कधी पोचलं नाही, वरून लोक कचरा टाकायचे तो खाली कुजायचा, त्या वासाने खिडक्या बंदच ठेवायला लागायच्या, आणि आग लागली की तीच फट धुराडं बनून आग थेट वरच्या मजल्यापर्यंत न्यायची. कायदा पाळला गेला आणि माणसं होती त्याहून वाईट अवस्थेत गेली, मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते. शेवटी १९०१ च्या कायद्याने मोठं अंगण, प्रत्येक खोलीला खरी खिडकी आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा संडास सक्तीचा केला, पण तोपर्यंत शहरात ८० हजारांवर टेनेमेंट उभ्या राहिल्या होत्या आणि त्यात २३ लाख माणसं राहत होती, शहराच्या लोकसंख्येचा दोन तृतीयांश भाग.

आणि याच खोल्यांत कारखाना पण चालायचा. कंत्राटदार कापलेले कपडे गठ्ठ्याने आणून द्यायचा, नगावर मजुरी, आई काज करतेय, आजी टाके उसवतेय, पोरं शाळेतून आली की कागदी-कापडी फुलं वळायला बसतायत. स्वयंपाकाची शेगडी तापलेलीच कारण तिच्यावर इस्त्र्या ठेवलेल्या, जुलै महिन्यात सुद्धा.

पाऊलवाट, तुम्ही विचारलंत हाल बघून गेल्या का नाहीत, तर माझं उत्तर असं की बऱ्याच जणींनी तिथेच पाय रोवून भांडायचं ठरवलं. मे १९०२ मध्ये कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या मटणाचा भाव पाउंडाला १२ सेंटवरून एकदम १८ वर गेला. आधी छोट्या खाटकांनीच दुकानं बंद ठेवून बघितली, काही झालं नाही. मग लोअर ईस्ट साइडच्या बायका घरोघरी जिने चढून सांगत सुटल्या की मटण घ्यायचं नाही, दुकानांसमोर उभ्या राहिल्या, कोणी घेतलंच तर हातातून ओढून रस्त्यात फेकलं, पोलिसांनी धरून नेलं, कोर्टात दंड भरले, आणि काही आठवड्यांत भाव १४ सेंटवर आणून दाखवला. या बहुतेक जणी पोराबाळांच्या आया, कारखान्यातल्या पण नव्हेत.

मग १९०९ चा नोव्हेंबर. कूपर युनियन या संस्थेच्या सभागृहातल्या सभेत पुढारी भाषणावर भाषणं देतायत, आणि क्लारा लेमलिक नावाची तरुण शिवणकामगार उठून यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत म्हणाली की बोलणं पुरे, आता सरळ संप जाहीर करा. वीस हजारांच्या वर पोरी कामावरून बाहेर पडल्या, ऐन थंडीत. बऱ्याच मालकांनी तडजोड केली पण बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीने युनियनला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी व्हायच्या वेळेला त्या कारखान्यात आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने कोसळला, आणि बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ जीव गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, काही तर चौदा वर्षांच्या. मालकांवर खटला झाला, डिसेंबरमध्ये ते निर्दोष सुटले. पुढे दिवाणी दाव्यात १९१४ मध्ये माणशी ७५ डॉलर भरपाई.

रस्त्यावर उभं राहून ही आग बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. पुढे त्यांनी कारखान्यांच्या चौकशी आयोगासाठी काम केलं, न्यूयॉर्क राज्यात आगीपासून बचाव आणि कामाच्या तासांचे कितीतरी कायदे झाले, आणि १९३३ मध्ये त्याच अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मंत्री झाल्या.

शंकेखोर:

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे पण एक वेगळा मुद्दा मांडतो. संप आणि कायदे ठीक आहेत पण रोजच्या जगण्यात माणसाला मदत कोण करत होतं? सरकार तर कुठेच नव्हतं. कोणी आजारी पडलं, मेलं, काम सुटलं तर बेकारभत्ता नाही, विमा नाही. न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉल होता, म्हणजे शहराचं राजकारण चालवणारी डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना, भ्रष्ट म्हणून बदनाम, आणि भ्रष्ट होताच, पण थंडीत कोळशाची गोणी त्यांच्याच वॉर्डातला माणूस आणून टाकायचा, पोरगा पकडला गेला तर तोच कोर्टात जायचा, महापालिकेत झाडूवाल्याची नोकरी तोच लावायचा, आणि बदल्यात फक्त मत मागायचा. सुधारणावाले सुशिक्षित लोक याला शिव्या घालायचे. पण ज्याच्या घरात कोळसा नाही त्याला प्रामाणिक उमेदवाराचा काय उपयोग, हे मला मनापासून वाटतं.

सुईदोरा:

शंकेखोर, कोळशाचं मान्य, पण त्याच टॅमनीचे लोक घरमालकांकडून आणि कंत्राटदारांकडून पैसे खाऊन तपासणी दाबायचे, आणि १९०९ च्या संपात पोरींना मारणारे पोलीस पण त्यांच्याच शहराचे. एका हाताने गोणी आणि दुसऱ्या हाताने ती फट. शिवाय सगळे सुधारणावाले लांबून बोलणारे नव्हते. शिकागोत जेन अ‍ॅडम्स १८८९ मध्ये हल हाउस नावाचं मदतकेंद्र काढून त्याच वस्तीत राहायला गेल्या, कचरा उचलला जात नाही म्हणून १८९५ मध्ये स्वतः वॉर्डाच्या कचरा तपासनीस झाल्या आणि पहाटे गाड्यांच्या मागे फिरायच्या. लिलियन वॉल्ड या नर्सने १८९३ मध्ये लोअर ईस्ट साइडला घरोघरी जाऊन शुश्रूषा सुरू केली. त्याच वर्षी नेथन स्ट्रॉस यांनी तिथे पाश्चराइज केलेल्या दुधाचं केंद्र काढलं, कारण नासक्या दुधाने तान्ही बाळं दगावत होती. मत न मागता पण मदत होत होती.

जुनी_वही:

या दोघांच्या मधे एक तिसरी गोष्ट राहतेय, ती म्हणजे माणसांनी आपापसात उभ्या केलेल्या संस्था, आणि मला तर तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकाच गावातून आलेले ज्यू मिळून मंडळ काढायचे, महिन्याला थोडी वर्गणी, त्यातून आजारपणात पैसे, डॉक्टर, आणि मेल्यावर स्वतःची दफनभूमी. पोलिश लोकांनी आपल्या मजुरीतून चर्च आणि शाळा बांधल्या. १८९७ पासून फॉरवर्ड नावाचं यिडिश वर्तमानपत्र निघायचं, त्यात १९०६ मध्ये वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारं सदर सुरू झालं, नवरा सोडून गेला, मुलगा धर्म पाळत नाही, संपात कामावर जावं का, असलं सगळं लोक विचारायचे. पहिल्या पिढीचं मन समजून घ्यायचं असेल तर त्या पत्रांइतकं चांगलं काही नाही.

पाऊलवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून दोन शंका. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या बेटावरच्या तपासणी ठाण्यावर, अधिकारी लोकांची नावं बदलून टाकायचे असं सगळीकडे ऐकू येतं ते खरं का? आणि सगळ्यांनाच आत घेत होते का, आशियातल्या लोकांचं काय?

धक्क्यावरचा:

नावाचं खोटं आहे. प्रवाशांची यादी बोट निघायच्या बंदरावर, म्हणजे नेपल्स, हॅम्बर्ग, लिव्हरपूल वगैरे ठिकाणी जहाज कंपनीचा कारकून भरायचा. एलिस आयलंडचा इन्स्पेक्टर ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचा, आणि दुभाषे हाताशी असायचे. पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला ला गार्डिया तरुणपणी तिथे दुभाषाच होता. नावं बदलली ती लोकांनी नंतर स्वतः, कामावर मुकादमाला उच्चारता येईना म्हणून, शाळेत मास्तरने सोपं केलं म्हणून, धंद्यासाठी.

एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाचे प्रवासी बोटीवरच तपासून थेट शहरात सोडायचे, बेटावर आणायचे ते फक्त खालच्या वर्गातल्यांना. सामान घेऊन जिना चढायला लावायचे आणि डॉक्टर वरून बघत उभे, कोणाला धाप लागतेय, कोण लंगडतंय. शंका आली की कोटावर खडूने खूण, हृदयासाठी एक अक्षर, डोळ्यासाठी एक, पाठीसाठी एक. पुढे पापणी उलटी करून खुपरी तपासायचे, बूट-हातमोज्यांची बटणं लावायच्या आकड्याने! लोकांना या तपासणीची सगळ्यात जास्त धास्ती असायची. मग प्रश्न, आणि त्यात एक फसवा, अमेरिकेत काम आधीच ठरलंय का? माणसाला वाटायचं हो म्हणावं म्हणजे घेतील, पण १८८५ च्या कायद्याने आधी करार करून मजूर आणायला बंदी होती, त्यामुळे हो म्हणाला की अडकला. शेवटी परत पाठवले ते शंभरात दोनच्या आसपास. कमी वाटतं, पण १७ एप्रिल १९०७ ला एका दिवसात ११,७४७ माणसं तपासली होती, म्हणजे तसल्या दिवसाच्या गर्दीत दोन टक्के धरले तरी दोनशेच्या वर होतात, आणि त्यात कधी दहा वर्षांचं पोर पण असायचं, मग आईबापांपैकी एकाला त्याच्याबरोबर परत बोटीत बसावं लागायचं.

आशियाचं उत्तर कडू आहे. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने बंदीच घातली. सॅन फ्रान्सिस्कोजवळ एंजल आयलंडवर १९१० पासून ठाणं होतं, तिथे चिनी लोकांना आठवडेच्या आठवडे, कधी महिने डांबून उलटतपासणी घ्यायचे, तुझ्या घराला पायऱ्या किती, गावातली विहीर कुठे. त्यांनी भिंतींवर कोरलेल्या कविता अजून आहेत. भारतीयांचं पण तसंच, सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या शिखांना गोऱ्या जमावाने मारहाण करून गावातून हाकललं. साधारण त्याच काळात तिकडे शेतीशास्त्र शिकायला गेलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच मजुरांमध्ये मिसळले आणि पुढे गदर चळवळीत आले. १९१७ मध्ये भारतासकट आशियाचा मोठा पट्टा कायद्याने बंद झाला, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा धरता येणार नाही म्हणून नागरिकत्व नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी.

त्यानंतर १९२४ ला युरोपवाल्यांवर पण कोटा आला. १८९० च्या जनगणनेत त्या देशाचे जितके लोक होते त्याच्या २ टक्के. वर्ष मुद्दाम १८९० निवडलं, कारण इटालियन-पोलिश-ज्यूंची मोठी लाट त्यानंतरची. इटलीच्या वाट्याला वर्षाला ३,८४५ जागा आल्या, जिथून आधी एकेका वर्षात दोन लाखांच्या वर येत होते.

पाऊलवाट:

विहिरीचा प्रश्न वाचून थांबले काही वेळ. शेवटचं एक, इतक्या भाषांची माणसं एकत्र संप तरी कसा करू शकत होती? मालक लोक मुद्दाम वेगवेगळ्या देशांचे लोक शेजारी शेजारी ठेवायचे असं वाचलंय.

भट्टीवाला:

याचं उत्तम उदाहरण मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स, १९१२. कापड गिरण्यांचं गाव, वीसेक भाषा तरी बोलल्या जायच्या. राज्याने बायका-मुलांचा आठवडा ५६ तासांवरून ५४ वर आणला, गिरणीवाल्यांनी लगेच दोन तासांचा पगार कापला, आठवड्याला साधारण ३२ सेंट. ११ जानेवारीला पाकीट हातात पडल्यावर पोलिश बायकांनी माग थांबवले आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या गिरण्यांतून लोक बाहेर पडायला लागले, वीस हजारांच्या वर गेला आकडा.

भाषेची सोय त्यांनी अशी केली की संप समितीवर प्रत्येक देशाच्या लोकांचे चार-चार प्रतिनिधी घेतले, प्रत्येक सभेत भाषांतर व्हायचं, आणि जेवणाची व्यवस्था ज्याच्या त्याच्या समाजाने चालवलेल्या सामायिक स्वयंपाकघरात. गिरणीच्या दारात एका जागी उभं राहायला बंदी केली तर हजारो माणसांनी हात धरून गिरण्यांभोवती चालत राहायचं ठरवलं. खायचे वांधे झाले तेव्हा पोरांना न्यूयॉर्कला ओळखीपाळखीच्या कामगार कुटुंबांकडे पाठवायला लागले, आणि २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी आयांना आणि पोरांना मारलं. ते सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, वॉशिंग्टनला संसदेसमोर सुनावणी लागली, तिथे गिरणीतल्या पोरांनी स्वतः साक्षी दिल्या. मार्चच्या मध्यावर मालकांनी मजुरी वाढवून दिली, सगळ्यात कमी पगारवाल्यांना सगळ्यात जास्त वाढ, आणि आपल्याकडे संप नको म्हणून न्यू इंग्लंडमधल्या बाकीच्या कितीतरी गिरण्यांनी पण वाढवली.